पंधरा वॅटचा लोड

परशरामआप्पा कुणाच्याही घरी आले की आधी माणसाकडे बघायचे नाहीत, बल्बकडे बघायचे. उंबऱ्यापाशी चपला काढतानाच त्यांची मान वर जायची. डोळे बारीक करून क्षणभर बघायचे आणि म्हणायचे, "एकशेऐंशी व्होल्टच्या वर न्हाय." मग, मान वरच ठेवून, "बरं हाय न्हवं सगळं?" हे आपल्याला विचारलं की बल्बला, ते कधी कळायचं नाही. मी लग्न होऊन नवी आले तेव्हा पदर सावरून "व्हय, बरं हाय" म्हणाले, तर ते म्हणाले, "बरं कुठलं, लई मंद हाय."

आम्ही खासबागेत त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहत होतो. मधे एक भिंत. भिंतीच्या पलीकडे आप्पा आणि त्यांची बायको शेवंताआक्का, अलीकडे आम्ही दोघं आणि कांड्या भरायचं माझं यंत्र. आमचे हे दुसऱ्याच्या मागावर साड्या विणायला जायचे आणि मी घरात बसून, मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरायची. ऐंशी सालाच्या आगेमागची ही गोष्ट. गल्लीत घरटी एक-दोन तरी पावरलूम. सकाळी सुरू झाले की रात्री झोपेपर्यंत खडखडाट. कुणी कुणाला हाक मारायची नाही, मारून उपयोगच नव्हता. जवळ जाऊन हात लावायचा आणि कानाशी बोलायचं. मला ते बरं वाटायचं. मला चारचौघांत बोलायची पहिल्यापासून भीती, आणि इथे न बोलणं कुणाच्या लक्षातच यायचं नाही.

अशा गल्लीत आप्पांचे कान मात्र असे की सांगून खरं वाटणार नाही. गल्लीच्या वळणावर त्यांचा छोटा गाळा होता, तिथे ते जळालेल्या मोटरींना नवी तार गुंडाळून द्यायचे. मांडीवर मोटर, दातात तार, आणि कान गल्लीकडे. मधेच मोटर खाली ठेवून धावत सुटायचे, दोन्ही हात वर. "बंद करा, बंद करा. पिवळी गेली."

तेव्हा मला त्यातलं काही कळत नव्हतं. पुढे आप्पांनीच सांगितलं. खांबावरून तीन जिवंत तारा येतात, एकीला लाल म्हणायचं, एकीला पिवळी, एकीला निळी. त्यांना फेज म्हणतात. मी वर बघितलं तर मला सगळ्या काळ्याच दिसल्या. "दिसत न्हाईत गं त्या, असत्यात," आप्पा म्हणाले. मागाच्या मोटरीला तिन्ही लागतात. एखादी गेली तर मोटर दोनवरच ओढत राहते, घुमायला लागते आणि थोड्या वेळात जळते. ते घुमणं शंभर मागांच्या खडखडाटातून आप्पांना आठ घरं पलीकडून ऐकू यायचं. मी पुष्कळदा कान देऊन बघितलं. मला खडखडाटच ऐकू आला.

घरच्या दिव्याला मात्र एकच फेज पुरते. त्यामुळे लाल गेली की गल्लीतली काही घरं अंधारी, आणि शेजारच्या घरात दिवा चालू. मग लोक स्टुलावर चढून मीटरवरचा फ्यूज काढायचे आणि चालू असलेल्या तारेवर बसवायचे. ती गेली की पुन्हा स्टूल. आमच्या ह्यांचं अर्धं आयुष्य स्टुलावर गेलं असं मी म्हणते.

आप्पांच्या घरी स्टूल नव्हतं. त्यांच्या घरी डबा होता.

त्यांच्या वडिलांचे पूर्वी दोन माग होते. माग विकले, पण तीन फेजचं कनेक्शन राहिलं होतं. मच्छे गावच्या कारखान्यातून भंगारात निघालेलं जाड जाड सामान आणून आप्पांनी एका जुन्या रेडिओच्या पेटीत बसवलं होतं. पुढे काच. काचेच्या वर तीन इवले दिवे, लाल, पिवळा, निळा. आत तांब्याच्या पट्ट्या आणि तारांची वेटोळी. खांबावरची लाल फेज गेली की आतून "खट्ट" असा आवाज यायचा आणि घर पिवळीवर. पिवळी गेली, खट्ट, निळीवर. नुसती मंद झाली तरी डब्याला कळायचं. माणूस नाही, स्टूल नाही, हात लावणं नाही. दिवा एकदा पापणी लववायचा एवढंच.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. मी देवळात इतका वेळ उभी राहिले नसेन. मी विचारलं, "ह्याला कळतं कसं आप्पा?"

आप्पांनी माझ्या टोपलीतली एक कांडी उचलली. "धोट्यातली कांडी संपली की तुझा नवरा काय करतोय? दुसरी घालतोय. साडी थांबवत न्हाय. डबा तेच करतोय. एक गेली तर दुसरी हाय, दुसरी गेली तर तिसरी हाय."

हे त्यांचं पालुपद. दिवसातून दहा वेळा म्हणायचे. समोरचे दाजीबा, ज्यांचे चार माग होते आणि जिभेला माग नव्हता तरी ती तशीच चालायची, ते मुद्दाम आडवे यायचे. "आप्पा, एक गेली तर दुसरी हाय, हे घरात म्हणत जाऊ नगासा. शेवंताआक्काला ऐकू येत न्हाय म्हणून वाचलाय."

"घरात एकच हाय," आप्पा म्हणायचे. "ती जात न्हाय."

शेवंताआक्काला खरंच ऐकू येत नव्हतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी विषमज्वर झाला आणि कान गेले. बोलता येत होतं, पण आपला आवाज आपल्यालाच ऐकू येईना, तेव्हा तो कसाही यायला लागला. नळावर पोरीबाळी हसल्या. तेव्हापासून त्या घराबाहेर बोलत नव्हत्या. मी शेजारी राहायला येऊन पाच वर्षं झाली तरी त्यांचा आवाज कसा असतो ते मला माहीत नव्हतं. आम्ही दोघी हातांनी बोलायचो. दोघींनाही तेच सोयीचं होतं.

लोक आप्पांना हसायचे ते वेगळ्याच कारणाने. एवढा डबा, तीन तीन फेज, आणि त्याच्यावर चालायचं काय? घरातले दोन दिवे आणि एक पंधरा वॅटचा बल्ब. त्या पंधराच्या बल्बला भाऊ होता गाळ्यात. घरातून निघून आठ घरांच्या कौलांवरून एक जाड तार गाळ्यापर्यंत गेली होती. तिथे टेबलावर एक बटण आणि एक बल्ब. तो कधी लागायचा, कधी विझायचा. लोक समजायचे आप्पा काहीतरी तपासतायत. दाजीबा म्हणाले, "माझ्या चार मागांवर बसवून द्या की ओ डबा." आप्पा म्हणाले, मागाला ह्या डब्याचा उपयोग नाही. मी माझ्या यंत्रासाठी विचारलं. मोटर छोटी, एका फेजची. मला वाटलं नाही म्हणणार नाहीत.

आप्पा बल्बकडे बघत म्हणाले, "तुझी मोटर वढायला लागली की हा मंद होतोय. तुझं यंत्र थांबलं तर चालतंय गं. ह्यो थांबून चालत न्हाय."

मला वाईट वाटलं. पंधराचा बल्ब माझ्या पोटापेक्षा मोठा झाला म्हणायचा.

त्यांचा आणखी एक प्रकार होता. कधीकधी तिन्ही फेज एकदम जायच्या. मग डबा काय करणार? सगळे माग थांबायचे, लोक बाहेर येऊन कट्ट्यावर बसायचे, तंबाखू मळायचे. आणि आप्पा, मांडीवरची मोटर असेल तशी टाकून, गिऱ्हाईक समोर उभं असेल तर त्याला तिथेच सोडून, तरातरा घराकडे चालू लागायचे. पळायचे म्हटलं तरी चालेल. दाजीबा कट्ट्यावरून ओरडायचे, "सावकाश की ओ आप्पा, भाकरी थंड व्हईत न्हाय एवढ्यात." आप्पा मागे बघायचे नाहीत. एकदा तर दाजीबांच्याच पोरीच्या लग्नात अंतरपाट धरलेला, सगळ्यांच्या मुठीत अक्षता, आणि आप्पांची मान वर. मांडवातले सगळे दिवे गेले. भटजी "सावधान" म्हणायला आणि आप्पा मांडवातून बाहेर पडायला एकच गाठ. नवऱ्याच्या मामाला वाटलं, काहीतरी बिनसलं. तोही मागोमाग धावला.

एकदा मी वाटी परत द्यायला शेवंताआक्कांच्या स्वयंपाकघरात गेले होते. त्या भाजी चिरत होत्या. चुलीच्या वरच्या भिंतीवर तो पंधराचा बल्ब. तो एकदम लागला, लांब, आणि विझला. आक्कांनी विळी सोडली, हात पुसला, भिंतीवरचं बटण तेवढंच लांब दाबलं आणि पुन्हा भाजीला लागल्या. थोड्या वेळाने बल्ब दोनदा लागला. त्या हसल्या, तवा चुलीवर ठेवला आणि पिठाकडे हात नेला.

मी बघतच राहिले. मग त्यांनी मला सगळं हातांनी समजावलं. एक लांब म्हणजे, "आहेस न्हवं?" त्याला उत्तर, "आहे." दोनदा म्हणजे, "जेवायला येतो." लांब दाबून पुढे जितक्या टिचक्या, तितके कप चहा गाळ्यात पाठव. आणि आक्कांनी इकडून न थांबता लावलं-विझवलं तर, "असशील तसा ये." हे सगळं कशासाठी, तेही सांगितलं. साडी वर करून घोटा दाखवला. फार पूर्वी मागच्या परसात घागरीसकट पडल्या होत्या. घोटा मोडला. त्या ओरडल्या, आपण किती मोठ्याने ओरडतोय तेही त्यांना कळत नव्हतं. पण मागांच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? सकाळी पडल्या त्या आप्पा जेवायला येईपर्यंत तिथेच. त्यानंतर आप्पांनी डबा केला.

आप्पा तासातासाला एकदा विचारायचे, आहेस न्हवं. आणि भिंतीवरून उत्तर जायचं, आहे. लाल असो, पिवळी असो, निळी असो.

आक्कांनी ओठांवर बोट ठेवलं आणि गल्लीच्या दिशेने हात केला. सांगू नकोस, हसतात. मी मान हलवली. घरी येऊन यंत्रावर बसले तर कांडी भरेना. माझ्या पोटापेक्षा तो बल्ब मोठा होता हे खरंच होतं, आणि मला आता त्याचं वाईट वाटत नव्हतं.

पुढे दाजीबांच्या चेष्टेने घात केला. खांबावर चढलेल्या वायरमनला ते हसत हसत बोलले, "आमच्या आप्पाला एका बल्बाला तीन फेज लागत्यात. आमच्या मोटरी जळाल्यात आन् ह्यांचा बल्ब राजा." त्यांनी गंमत केली. पण ती वायरमनबरोबर ऑफिसात गेली आणि एका दुपारी वीज ऑफिसचा साहेब वही आणि त्या वायरमनला घेऊन गाळ्यात हजर झाला. मी भरलेल्या कांड्यांची टोपली घेऊन दाजीबांकडे चालले होते. गाळ्यासमोर माणसं बघून कडेला थांबले.

साहेब कन्नड बोलणारा, मराठी तोडकं मोडकं. "तीन फेज मागासाठी. माग नाही. लोड एल्लैति?" म्हणजे लोड कुठे आहे.

आप्पांनी टेबलावरच्या बल्बकडे बोट केलं.

"इष्टे?" साहेब म्हणाला. एवढाच? मागचे लोक हसले. "एवढ्याला एक फेज पुष्कळ. दोन काढून टाकतो. नाहीतर बॅटरी घ्या."

"सेल संपल्याला कळत न्हाय साहेब," आप्पा म्हणाले. "फेज गेल्याली डबा सांगतोय."

"पण बल्ब कशाला?"

बल्बच्या तब्येतीवर जेवण विसरून बोलणारा माणूस, पण तोंड उघडेना. समोर दाजीबा, समोर नळावर हसलेल्या पोरींचे बाप. त्यांच्यापुढे बायकोची गोष्ट काढायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी फक्त टेबलाची कड धरून ठेवली होती. मला दिसत होतं, एकच फेज राहिली तर काय होणार. ती रोज जाते. कुठल्या तरी तासाला ते विचारतील आणि उत्तर येणार नाही, आणि आक्का परसात पडलीय की नुसती लाल गेलीय, ते त्यांना कळणार नाही.

साहेबाने वही उघडली. उघडता उघडता म्हणाला, "बघू तरी लोड," आणि बटण दाबलं. लांब दाबलं. टेबलावरचा बल्ब काही लागला नाही. तो लागणार नव्हताच, लागला तो तिकडे चुलीवर. साहेबाने पुन्हा दाबलं, पुन्हा, टिक टिक करत सहा वेळा.

"साहेब, दाबू नगासा," आप्पा हळूच म्हणाले. "आता चहा येईल."

"काय?"

साहेबाने बटणावरचं बोट काढलं आणि टेबलावरचा बल्ब आपोआप लागला. लांब, आणि विझला. साहेब एक पाऊल मागे सरला. वायरमनने त्याला धरलं.

साहेब टेबलाखाली वाकून तारा तपासत बसला. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळाने गल्लीतून शेवंताआक्का येताना दिसल्या. डोक्यावर पदर, एका हातात किटली, दुसऱ्या हातात ताटलीत कप. सहा. त्या रोज शेजारच्या कुणाबरोबर चहा पाठवायच्या, पण सहा कप म्हणजे मोठी माणसं आलेली, म्हणून स्वतः आल्या होत्या. एवढी माणसं बघून दारातच थबकल्या.

साहेब आप्पांना म्हणाला, "हे कोणी सांगितलं हिला?"

आप्पांनी पुढे होऊन आक्कांच्या हातातली ताटली टेबलावर ठेवली. आणि माझ्या तोंडून आवाज निघाला. तो माझाच आहे हे मला जरा वेळाने कळलं.

"तुम्हीच सांगितलंसा साहेब. आक्काला ऐकू येत न्हाय. ते त्यांचं बोलणं हाय. ती पडली झडली तर आप्पाला कळाय पायजे. म्हणून तीन फेज."

एवढं बोलून मी टोपली खाली ठेवली. मागचं कुणी हसलं नाही. आक्कांना काय झालं ते कळलं नव्हतं. त्यांनी कप भरले, साहेबाला दिला, वायरमनला दिला, आप्पांना, दाजीबांना दिला. पाचवा कप मला दिला. परक्या पुरुषांच्यात उभी राहून मी कधी चहा प्यायले नव्हते. प्यायले. सहावा त्यांनी स्वतः घेतला. दाजीबांनी कप दोन्ही हातांनी धरला होता आणि त्यांची जीभ पहिल्यांदाच बंद पडली होती, तिन्ही फेज गेल्यासारखी.

साहेबाने चहा संपवला. वहीत काहीतरी लिहिलं आणि वायरमनला म्हणाला, "लोड ऐति." लोड आहे. वही मिटली, पुन्हा म्हणाला, "ऐति, ऐति." जाताना दारात थांबून त्याने आप्पांना विचारलं, "मूरू होदरे?" तिन्ही गेल्या तर?

आप्पा कप गोळा करत राहिले.

उत्तर मला काही दिवसांनी मिळालं. भर दुपारी तिन्ही गेल्या. गल्लीतले माग एकापाठोपाठ एक थांबले, माझं यंत्र थांबलं. एरवी अशा वेळी मी पाणी भरायला जायची, त्या दिवशी तशीच बसून राहिले. मग गाळ्याकडून चपलांचा आवाज आला, जवळ जवळ येत गेला. पलीकडचं दार वाजलं. आणि भिंतीतून मला एक आवाज ऐकू आला. बारीक, वरखाली होणारा, लहान मुलीसारखा.

"आलासा?"

"आलो."

"तिन्ही?"

"तिन्ही."

"बसा मग. जमीन हलायची थांबली तवाच म्हटलं, आता येतीला."

पाट सरकवल्याचा आवाज झाला. आणि मग शेवंताआक्का बोलायला लागल्या. काय बोलल्या म्हणाल तर काही नाही. मांजराने दूध सांडलं. वांगी किडकी निघाली. आईच्या घरचं कुणीतरी कोगनोळीच्या जत्रेला बोलावतंय, जायचं का. साहेबाला चहा गोड झाला असेल का. आप्पा मधे मधे हुंकार देत होते, आक्कांना ऐकू जाणार नव्हता तरी. तोंडाकडे बघून त्यांना कळत असणार. मी कांडी हातात धरून बसले होते. लग्नाच्या मांडवातून उठून जाणारा माणूस, गिऱ्हाईक सोडून पळणारा माणूस, ज्याला सगळी गल्ली भाकरीवरून हसली, तो इथे येऊन बसत होता. तिन्ही गेल्या की चौथी म्हणून स्वतः जायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं.

करंट आला. डब्यातून खट्ट झालं. दाजीबांचे माग सुरू झाले, मग बाजूचे, आणि आवाज बुडून गेला. माझ्या यंत्राचं बटण माझ्या हाताशीच होतं. मी ते दाबलं नाही. उगाच, अजून काही ऐकू येईल म्हणून.

आप्पा गाळ्याकडे परत निघाले ते माझ्या दारात थांबले. मी सवयीने वर बघितलं, आता किती म्हणतात ते ऐकायला. पण ते बल्बकडे बघत नव्हते. बंद यंत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे.

जवळ येऊन मोठ्याने म्हणाले, "ऐकलीस व्हय गं?"

मी मान हलवली.

"लई बोलती," आप्पा म्हणाले, आणि चपला सरकवत गाळ्याकडे गेले.